रोजा आणि इंजेक्शन

खालच्या मजल्यावरच्या चाचांचा मला राग येतो. बशीतला चहा प्यावा तसा ते फोन आडवा धरून ओठांशी नेतात आणि भिवंडीतल्या लूमच्या खडखडाटात ऐकू जावं म्हणून ओरडून त्याला धर्माचे प्रश्न विचारतात. मशिदीचे इमामसाहेब दुपार कलल्यावरच्या असरच्या नमाजानंतर समोरच्याच ओट्यावर बसतात. चाचा त्यांना लांबून सलाम करतात. म्हणतात, "त्यांना कायको तकलीफ? हा लगेच सांगतो, वर हवालाही देतो."

प्रश्नांना उत्तरं देणारं ते एआयचं ॲप त्यांच्या फोनमध्ये मीच घालून दिलं होतं.

रमजानात चाचींच्या इन्सुलिनचा प्रश्न निघाला. इंजेक्शनने रोजा तुटतो, असं फोनने सांगितलं, हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनाच्या, नंबरासकट. चाचांनी ते मला वाचून दाखवलं. मला खटकलं. ओटा समोरच होता, तरी मी म्हणालो, "असेल बरोबर." चाचींनी इंजेक्शन सोडलं, रोजे धरले आणि एका दुपारी बेशुद्ध पडल्या. वाचल्या, पण आता माणसं ओळखत नाहीत.

दवाखान्यात इमामसाहेब कपाळ धरून बसले. "अरे, त्याने रोजा तुटत नाय. आणि आजाऱ्याला तर कुराणातच सूट आहे. मला विचारायचं तरी."

चाचांनी तिथेच फोनला पुन्हा विचारलं. अशी हदीस नाही, चुकीबद्दल क्षमस्व, असं उत्तर आलं.

"बघ, किती तमीजदार हाय," चाचा मला म्हणाले. "लगेच माफी मागितली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चाचींसमोर जाऊन तेवढी माफी मागायला ना चाचांची जीभ उचलली, ना माझी.