मास्टरांची उंची आणि मशिदीचं दार

माझे धाकटे दीर शिंपी. सगळा बाजार त्यांना मास्टर म्हणतो, मी भाऊजी म्हणते. हाताला सोनं, पण जीभ जरा सैल. पन्नास वर्षं त्यांनी गावाची मापं टेपने घेतली. गिऱ्हाईक स्वतःची कंबर सांगू लागलं की म्हणायचे, "ती तुमच्या मनातली कंबर. हात वर करा." स्वतःचं माप मात्र ते जन्मभर तोंडीच सांगत आले: पाच फूट सात इंच.

माझी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, पाच फूट पाच. दोघं शेजारी उभी राहिली की जाऊच दोन बोटं उंच दिसते. त्यावर भाऊजींचं उत्तर तयार असतं. "मशीनवर बसून बसून माणूस खचतो, वहिनी." लग्नाच्या दिवशीही ते असेच खचलेले होते. घरातल्या कुणीही त्यावर अवाक्षर काढलं नाही. आमचं घराणं खोटं बोलत नाही, ऐकून घेतं.

उंचीचा पुरावा दुकानात मशीनच्या वर चौकटीत टांगलेला आहे. तरुणपणी एका रस्ते बांधणाऱ्या कंपनीने कामगारांचे गणवेश शिवायला त्यांना दोन वर्षं परदेशी नेलं होतं. तिथल्या शहरात चारशे वर्षांची मशीद होती. एका सुट्टीला भाऊजी ती पाहायला गेले आणि बाहेर बसणाऱ्या फोटोवाल्याकडून फोटो काढून घेतला. फोटोत ना घुमट, ना मिनार. मागे लाकडी कोरीव दार आणि पुढे भाऊजी, ओठांवर हसू, अंगावर स्वतः शिवलेली बेलबॉटम, थेट फरशीला टेकलेली. जाऊच्या वडिलांना मुलीला शोभेल असा उंच जावई हवा होता. त्यांना हाच फोटो पाठवला गेला, आणि जावई पसंत पडला.

मशीद आतून कशी होती ते भाऊजींच्या तोंडून ऐकावं. आम्ही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आत बारा झुंबरं होती. माझ्या नातवाने ऐकलं तेव्हा बत्तीस झाली होती.

मग त्या देशात लढाई पेटली आणि मशीद तोफांच्या माऱ्यात पडली. टीव्हीवर दोन मिनिटं ढिगारा दाखवला, त्यानंतर साबणाची जाहिरात. भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत. माझ्या मुलीने कुणाला न विचारता काकांचा फोटो इंटरनेटवर टाकला आणि घरात गर्दी सुरू झाली. गल्लीतल्या सांस्कृतिक मंडळाने सत्कार केला. अध्यक्ष म्हणाले, "मास्टरांनी जगाचा ठेवा जपला." मंडळाच्या वाचनालयाचा दरवाजा तीन वर्षं बिजागरीतून निखळून भिंतीला टेकवलेला आहे, त्याच भिंतीपुढे सत्कार झाला.

पुढच्या सोमवारी मात्र खरी कामाची बाई आली. आर्किटेक्ट. मशीद पुन्हा बांधायचं ठरलं होतं, त्या नकाशांवर काम करणारी. फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली.

"दोन हजार फोटो जमले आमच्याकडे," ती म्हणाली. "सगळे घुमटाचे. हे उत्तरेकडचं दार जळून गेलंय आणि ते फक्त तुमच्याच फोटोत आहे. मोजायचं कशावरून, हा प्रश्न होता. तो तुमच्यामुळे सुटला."

"माझ्यामुळे?"

"तुम्ही दाराला अगदी टेकून उभे आहात ना! तुमची उंची कळली की दाराची निघते. किती तेव्हाची?"

"पाच सात," भाऊजी सवयीने म्हणाले.

बाईने त्यांना आपादमस्तक पाहिलं. "माफ करा हं, काका, मोजूनच घेते." आणि भाऊजींच्याच गळ्यातला टेप काढून तिने त्यांना भिंतीला उभं केलं. मी कोपऱ्यात काजं करत बसले होते. कोटाच्या ट्रायलला आलेले बँकेतले साहेब एका बाहीनिशी उभे होते. जाऊने इस्त्रीच्या कपड्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं, तेवढाच काय तो आवाज.

"पाच दोन," बाई म्हणाली. "वयाने इंचभर कमी होतं, म्हणजे तेव्हा पाच तीन. बुटांचा एक इंच. पाच चार धरते. शुक्रवारी नकाशा पाठवायचाय."

"धरा," भाऊजी म्हणाले. जप्तीवाल्यांना माणूस 'न्या' म्हणतो तसं.

त्यानंतर तीन दिवस त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. साहेबांच्या कोटाला त्यांनी डावी बाही उजवीकडे जोडली. आम्हाला वाटलं, चारचौघांत उंची उघडी पडली म्हणून मन खातंय. गुरुवारी सकाळी जाऊ भाजी आणायला गेली तेव्हा ते माझ्यासमोर येऊन बसले.

"वहिनी, ते पाच चार चुकलंय."

"जाऊ द्या हो भाऊजी. झालं ते झालं."

"तसं नाही. फोटोत मी खरंच पाच सात आहे."

मी सुई खाली ठेवली. म्हटलं, आता ह्या माणसाला देवच आवरो.

"बूट चार इंचांचे होते," ते म्हणाले. "टाचेला, तळव्याला, सगळीकडून उंच. तेव्हाची फॅशन. माझे नव्हते. आत प्रार्थनेला गेलेल्या लोकांनी दाराशी बूट-चपला काढून ठेवल्या होत्या. त्यातले घातले. म्हटलं, फोटो होईपर्यंतच."

"चार इंच कशावरून?"

"बेलबॉटम मी चार इंच लांब शिवली होती, आणखी वाढेन म्हणून."

"सव्विसाव्या वर्षी?"

"आशा असते, वहिनी. एरवी दुमडून घालायचो. त्या दिवशी दुमड सोडली आणि काठ बरोब्बर फरशीला टेकला. शिंपी आहे मी, विसरेन का?"

"मग त्या बाईला सांगा."

"सांगितलं तर बूटही सांगावे लागतील. हिच्या कानावर जाईल. हिच्या बापाला मी तोच फोटो पाठवला होता."

"आणि नाही सांगितलं तर?"

"दार तीन-चार बोटं बुटकं होईल. कुणाच्या लक्षात येणार आहे?"

"तुमच्या," मी म्हटलं. "आणि ज्याचं दार आहे त्याच्या."

ते उठले आणि त्यांनी बाईला फोन लावला. आता भाऊजींना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर. त्यांनी 'बूट' म्हणायला आणि जाऊ भाजीची पिशवी घेऊन दारात यायला एकच गाठ पडली. मागे बँकेतले साहेब, बाही बदलून घ्यायला आलेले. भाऊजींनी दोघांना पाहिलं. क्षणभर वाटलं, फोन ठेवतात. पण ते भिंतीकडे तोंड करून शेवटपर्यंत बोलले: परक्याचे बूट, चार इंच, दुमड, सगळं.

"म्हणजे पाच सात!" पलीकडून बाई ओरडली. "काका, तुम्ही पहिल्यांदा सांगितलं तेच बरोबर होतं की!"

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांची उंची मान्य केली होती, आणि भाऊजींचं तोंड एवढंसं झालं होतं.

जाऊने पिशवी खाली ठेवली. "आणि तो बूटवाला?"

"आला बाहेर. माझ्या पायांकडे पाहिलं. फोटोवाला 'हलू नका' म्हणून हात करत होता. तो तिथंच थांबला. दुपारची फरशी, पाय अनवाणी. एक पाय उचलायचा, मग दुसरा. फोटो झाल्यावर मी बूट काढून दिले. तो हसला आणि 'आत जा' अशी खूण केली. मला तोंड वर करवेना. तसाच निघून आलो."

"आत गेलाच नाहीत?" साहेबांनी विचारलं. "आणि ती बत्तीस झुंबरं?"

"एकही पाहिलं नाही."

"उंचीवरून मी तुम्हाला कधी बोलले?" जाऊ म्हणाली. "बाबांनी तर तुम्हाला स्टेशनवर उतरताना पाहिलं तेव्हाच ओळखलं होतं. म्हणाले, राहू दे, हात चांगला आहे. आज मात्र बोलणार. तो माणूस तिकडे पाय भाजत उभा, आणि तुम्ही इकडे हसताय?"

आम्ही सगळ्यांनीच फोटोकडे पाहिलं. हसू छान आलं आहे, यात वाद नाही.

"हॅलो?" फोन अजून चालूच होता. "पाच सात धरून दार काढते. नोंदीत फोटोतल्या माणसाबद्दल काय लिहू?"

जाऊच फोनजवळ गेली. "लिहा, पाच फूट तीन इंच स्वतःचे, चार इंच उसने."

"बरं. उसने कुणाकडून?" बाईने सरळपणाने विचारलं. ती लिहून घेत होती.

जाऊने भाऊजींकडे पाहिलं.

"नाव विचारायचं राहिलं," भाऊजी म्हणाले.