भाऊने साहेबांना विचारायला सांगितलेला प्रश्न

मी गाव सोडलं त्या सकाळी धरणगावच्या स्टँडवर मला पोचवायला आई आली होती, आबा आले होते, शेजारची शकूअक्कासुद्धा आली होती. भाऊ आला नाही. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ, केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम. तापीपलीकडच्या बागांमध्ये घड कापायचे, खांद्यावरून बांधापर्यंत आणायचे, ट्रकमध्ये रचायचे, हे त्याच्या बारा माणसांचं काम. बारावा मी. मला माणसांत धरणं हा भाऊचाच मोठेपणा, कारण घड माझ्या खांद्यावर असण्यापेक्षा मी घडाखाली जास्त वेळा सापडायचो. तरी टोळी सोडणारा पहिला माणूस मीच. "गाडी लागेल शे, बठ. मांगे पाहू नको," आई म्हणाली. मी जळगाव येईपर्यंत मागेच पाहत होतो. भाऊ त्या दिवशी मुद्दाम लांबच्या बागेत कापणीला गेला होता.

पुण्यात पुढे माझं जे काही झालं ते गावाला नीट सांगता येत नाही. मी एका कंपनीच्या मासिकासाठी मोठमोठ्या लोकांच्या मुलाखती घेतो. सदराचं नाव 'नेतृत्वाचे धडे'. ज्यांनी हजारो माणसं सांभाळली त्यांच्यासमोर मी तासभर बसतो, काचेच्या केबिनमध्ये, बिनसाखरेची कॉफी पीत. ती मला आवडत नाही, पण साखर मागायचं नेतृत्व माझ्यात नाही. घरी टीव्हीचा रिमोटही माझ्या हातात नसतो. गावात मात्र बोलबाला झाला की आपला बापू रोज साहेब लोकांना अक्कल विचारतो.

तीन वर्षांपूर्वी भाऊचा फोन आला. "बापू, तू इतला मोठा मोठा लोकेस्ना संगे बोलस. त्यास्ले एक गोष्ट इचार. एकेक माणूस टोळी सोडी जाई ऱ्हायना. कोणी सुरत, कोणी चाकण. जे उरेल शेतस त्यास्ले कसं धरी ठेवानं?"

मी हो म्हणालो आणि विचारलं नाही. लाज वाटली. परदेशात कारखाने घेणाऱ्या माणसाला केळीच्या टोळीचं काय विचारायचं? पंधरा दिवसांनी भाऊने पुन्हा फोन केला, "इचारं का रे?" मी तेव्हा पार्किंगमध्ये उभा होतो. तोंडात आलं ते बोलून गेलो. "साहेब म्हणाले, जाणाऱ्याला अडवू नका. त्याला मानाने निरोप द्या. ते पाहून उरलेल्यांचा जीव तुमच्यात अडकेल."

असं कुठलाही साहेब म्हणाला नव्हता. ते स्टँडवरचं माझं जुनं रडगाणं होतं, साहेबाच्या तोंडी घातलेलं.

भाऊने ते शब्दशः पाळलं. पुढचा माणूस निघाला तेव्हा त्याला टॉवेल-टोपी, नारळ, सगळ्या टोळीला जेवण. भाऊ स्वतः स्टँडवर गेला. त्या माणसाने सुरतेत उतरल्या उतरल्या फोटो टोळीच्या ग्रुपवर टाकला. मला बरं वाटलं. म्हटलं, थाप का असेना, कामाला आली. पण झालं उलटंच. इतके दिवस कितीतरी जण केवळ भाऊला तोंड कसं दाखवायचं या धाकाने थांबले होते. आता तो धाकच राहिला नाही. वर टोपी मिळत होती. दीड वर्षात टोळी संपली.

मागच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा भाऊ ओट्यावर बसून कोयत्याला धार लावत होता. कापणी कुठे आहे, असं विचारणार होतो, पण वहिनीने डोळ्यांनीच गप्प केलं. भाऊ हसत म्हणाला, "साहेबले सांगजो, आते बठ्ठा ग्यात. मंग मुकादमनी काय करानं, ते इचार."

या वेळी खरंच विचारलं. पुढच्याच मुलाखतीत, एका मोठ्या कारखान्याच्या अध्यक्षांना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "आमच्याकडे एक गेला की दुसरा येतो हो. सगळेच गेले, अशी वेळ माझ्यावर कधी आली नाही. मला नाही सांगता येणार." मग हळूच, "हे छापू नका." मासिकात नाही छापलं.

भाऊला जसंच्या तसं कळवलं. माझ्या नोकरीतलं त्याला दिलेलं पहिलं खरं उत्तर. तो म्हणाला, "ह्याले काही माहीत नही. तो पहिला साहेब मातर हुशार व्हता. त्यानामुळे बठ्ठा हासत ग्यात. नही तं भांडीसन जातात."

"हो," मी म्हणालो, "हुशार होता." सांगायची वेळ तीच होती. मी हवापाणी विचारलं.

म्हणून हे आपल्या ग्रुपवर लिहितोय. सुरतेतल्यांनो, चाकणच्यांनो, तुमच्या डोक्यावरची टोपी भाऊच्याच हातची, तिच्यात खोट नाही. खोट माझ्यात होती. वहिनी, भाऊला छोटी अक्षरं दिसत नाहीत, तेव्हा हे तूच त्याला वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस, मी तिथे वाईट दिसत असलो तरी.

इतकी वर्षं घर म्हणजे मी गाव धरत होतो, ओटा, तापीचं पाणी, आईच्या हातची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. आई-आबा गेले. गावात ओळखीचं कोण उरलंय तेही आता मला विचारून घ्यावं लागतं. उरला तो भाऊचा रविवारचा फोन. हे ऐकल्यावरही तो फोन आला तर मला घर आहे.