गळ्याचं माप

खळाळत्या नदीत होडी वल्हवताना अंग कोरडं ठेवणारे ड्राय सूट मी काल्हेरच्या एका गोदामातून घेतो. तिथला मापं बघणारा माणूस चार वर्षांच्या ओळखीचा. सूट उभ्यानं घालून बघितला की तो वैतागतो.

"होडीत काय उभं ऱ्हानार हाय?" म्हणत त्यानं मला खोक्यावर बसवलं, हातात झाडू दिला आणि वल्हवायला लावलं. खांदे कुठं ओढले नाहीत.

"गळा आवळतोय. रबर थोडं कापून द्या."

"कापलं की पानी आत शिरनार, हाय का न्हाय? बुडताना मारतात तशी हाक मारा. मलाच मारा, नावानं. आवाज निघाला तर माप बरोबर."

मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. चार वर्षांत त्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.