रागाचं प्रकरण भिजलं तेव्हा

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली आणि राग कमी करायला सांगितलं. गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळाली. रागाचं औषध बंगलोरच्या भाच्यानं पाठवलं. बुद्धाच्या उपदेशावर एका परदेशी गृहस्थानं लिहिलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं ते. मी जन्मापासून नागपूरचा. दर दसऱ्याला पांढऱ्या कपड्यांतली माणसं घरासमोरून दीक्षाभूमीकडे जाताना पाहिली, ती ट्रॅफिक म्हणून. माझ्यापर्यंत पोचायला बुद्धाला कुरियरनंच यावं लागलं.

मे महिन्यात नंदनवन वस्तीतल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून मी ते वाचू लागलो. आठवड्याभरात ऑफिसातल्या लोकांना शांतीवर व्याख्यानंही देऊ लागलो. लोक मला टाळू लागले, ते माझ्या तेजामुळे, असं मला वाटे.

एका सकाळी क्रोधावरचं प्रकरण रंगात आलेलं असताना वरच्या मजल्यावरच्या कूलरचं पाणी थेट पानावर पडलं. मी ओलं पुस्तक घेऊन तरातरा जिना चढलो. वर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. पंधरा वर्षांपासूनच्या शेजारी. दार उघडताच मी आवाज चढवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काहून एवढं ओरडून राहिले भाऊ? पाहू, कोणतं पान भिजलं?"

"रागाचं," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर भांडण तरी पुढे नेता आलं असतं. त्यांनी पानांमध्ये जुनी वर्तमानपत्रं घातली, पुस्तक पंख्याखाली ठेवलं आणि म्हणाल्या, "हे सुकेपर्यंत हे वाचा." कपाटातून त्यांनी एक पातळ मराठी पुस्तिका काढून दिली. कव्हर गेलेली, कडा मऊ झालेल्या. त्यांचे वडील रोज संध्याकाळी ती मोठ्यानं वाचून दाखवत.

घरी येऊन वाचली. परदेशी गृहस्थांना ज्याला बावीस पानं लागली, ते इथं चार ओळींत होतं. एवढ्या स्वस्तात ज्ञान मिळाल्यानं मी जरा खट्टूच झालो. पण त्या चार ओळी माझ्याबद्दलच लिहिल्यासारख्या होत्या. अडीच हजार वर्षांपूर्वी कूलर नव्हते, तरी माझ्यासारखी माणसं असणारच.

कूलरचा पाइप बाईंनी दुसऱ्याच दिवशी बदलून घेतला. भांडायला कारण उरलं नाही, याचाही मला राग आला.

तेव्हापासून रविवारी सकाळी मी वर जातो. मी वाचतो, त्या मधेच थांबवून अर्थ सांगतात, शाळेतल्यासारखं पुन्हा वाचायला लावतात. फरक विचाराल तर बायको म्हणते, "राग तसाच आहे. फक्त आता येतो म्हून कळवून येते."

मागच्या रविवारी मी बाईंना विचारलं, "एवढी वर्षं तुम्ही मले कधी सांगितलं कसं नाही?"

त्या चहा गाळत होत्या. "बुद्धपौर्णिमेची खीर दरवर्षी पाठवत होती मी. डबा घासूनपुसून परत यायचा. तुम्ही कधी वर आले नाही."

खीर चांगली असायची, एवढं मला आठवत होतं. मी पुस्तिका उघडली आणि त्यांनी सांगितलेलं पान वाचायला लागलो.