शकुनापुरती फोडणी

डॉक्टर ‘कॅन्सर’ म्हणाले, तेव्हा माझे यजमान खिशातली खर्र्याची पन्नी चाचपत होते. सुपारी-तंबाखू घोटून केलेला खर्रा आमच्या दारव्ह्याकडे चहासारखा चालतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं मी त्यांना चिडवायची. आता ती म्हण माझ्या तोंडून निघत नाही.

बायोप्सीचा रिपोर्ट होता तो. बायोप्सी म्हणजे गालातल्या फोडाचा तुकडा काढून केलेली तपासणी. पुढे ऑपरेशन झालं, अर्धा जबडा गेला. मग रेडिएशन. वेटिंग हॉलमधले सगळे त्याला ‘शेक’ म्हणतात. त्यासाठी नागपूरला दवाखान्याजवळ खोली घेतली. गॅस, कुकर, घरच्या तुरीची डाळ आणि सासूबाई, एवढंच गावाहून नेलं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, “आता म्युकोसायटिस होईल. तिखट, फोडणी, गरम काही देऊ नका. पातळ वरण चालेल. खाणं बंद पडलं, तर शेक थांबवावे लागतील.”

म्युकोसायटिस म्हणजे तोंडाची आतून साल निघते. साधं पाणीही झोंबतं. तुमच्या घरी अशी वेळ आली तर सांगून ठेवते. तुरीची डाळ भिजवा, भरपूर पाण्यात अगदी मऊ शिजवा, घोटा, गाळा, थोडं तूप सोडा आणि कोमट झाल्यावर द्या. त्याहून सोपं काही नाही. आमचे हे डोळे मिटून ते वरण चमच्या-चमच्याने गिळायचे. तेवढाच वेळ मला वाटायचं की निभावेल.

सासूबाईंना मात्र ते वरण पाहवेना. आमच्याकडे घरात कोणी गेलं, की सुतक फिटेपर्यंत चुलीवर फोडणी बसत नाही. बिनफोडणीचं वरण म्हणजे मयताच्या घरचं जेवण.

“जित्या मानसाले कोनी असं वरन देते काय वं?” त्या म्हणायच्या. “माह्या पोराचं सुतक काहून धरून राह्यली तू?”

“आई, डॉक्टरनं सांगतलं हाय.”

“डॉक्टरले काय समजते आपल्यातलं?”

एक दिवस मी औषधाच्या रांगेत उभी होते. तिकडे खोलीवर सासूबाईंनी चमचाभर तेल तापवलं, मोहरी, लसूण, लाल मिरची टाकली आणि ते तेल गाळून वरणात ओतलं. शकुनापुरती फोडणी. आईने भरवलं म्हणून ह्यांनी मोठा घास घेतला.

मी आले तेव्हा हे भिंतीला डोकं टेकून कण्हत होते. टॉवेलला रक्त होतं. सासूबाई वाटी धरून तशाच बसलेल्या. “थोडीशीच टाकली वं,” एवढंच त्या म्हणत राहिल्या. मला असा संताप आला होता, पण मी त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली आणि ह्यांचा टॉवेल बदलला.

त्यानंतर ह्यांनी तोंडच उघडलं नाही. शेक थांबले. रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी बसली. अंगात थोडी ताकद आल्यावर शेक पुन्हा सुरू झाले, पूर्णही झाले. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, “रिकरन्स आहे.” म्हणजे आजार परतून आला होता. “आता घरी न्या. दुखणं कमी ठेवू, तेवढं आपल्या हातात आहे.”

सासूबाईंनी डॉक्टरांना त्या घासाचं विचारलं. “आजी, त्यामुळे नाही झालं हे,” डॉक्टर म्हणाले. मी त्यांचे उपकार मानते. पण सासूबाईंना ते पटलं नाही. दारव्ह्याला आल्यावर त्यांनी फोडणीच सोडली. सगळं घर बिनफोडणीचं वरण गिळू लागलं. हे जिवंत असतानाच घराला सुतक लागलं होतं.

एका दुपारी हे नळीसकट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले. त्यांचे शब्द नीट फुटत नाहीत, आम्हालाच कळतात.

“आई, फोडनी दे.”

“माह्या हातानं नाई होत रे बाबू.”

“दे वं. आयकू दे मले. मी हाव अजून.”

सासूबाईंनी पदर तोंडात धरला. मग कढई ठेवली. मोहरी तडतडली, लसूण पडला, वरणाने चर्र केलं. ह्यांनी डोळे मिटले होते. मी त्यांच्यासाठी आधीच बाजूला काढलेलं गाळीव वरण नळीतून सोडत होते.

आता रोज दुपारी तसंच करतो. मला आशा नाही, तुम्हाला खोटं कशाला सांगू? नळीतून जाणारं वरणही दिवसेंदिवस कमी होतंय. फोडणीचा आवाज शेजारच्या घरापर्यंत जातो. ज्या दिवशी तो येणार नाही, त्या दिवशी गल्लीत कोणाला काही सांगावं लागणार नाही.