तीनशेंतली रिकामी जागा

स्पार्टातल्या पिताना वस्तीतली निम्मी माणसं फिलिन्नाच्या हातांत जन्मली होती. तीस वर्षं ती तिथली सुईण होती. बुटकी, रुंद मनगटांची, कमी बोलणारी. खोटं बोलायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

त्या वर्षी आली.

पर्शियनांचं सैन्य चालून येत होतं. खिंड अडवायला स्पार्टातले तीनशे निवडक निघणार होते. अट एकच होती. ज्याच्या घरी मुलगा आहे, त्यालाच घ्यायचं. वंश उरला पाहिजे. याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. परतीचं कुणी बोलत नव्हतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांतला एकजण तापाने पडला. एक जागा रिकामी झाली.

ती देक्सिपसला हवी होती, पण त्याला तीन मुलीच होत्या. बायको अर्खिप्पा सकाळपासून कळा देत होती. तो उंबऱ्यावर बसून लांब केस विंचरत होता. लढाईला जाणारे विंचरतात तसे.

"अरे, तुला अजून बोलावलंय कुणी?" लाल झगा घातलेला त्याचा मित्र लिकॉन म्हणाला. तो तीनशेंत होता. "चौथी झाली तर काय करशील? पर्शियनांना जावई करून घे!"

"गप रे. या खेपेला मुलगाच आहे."

आत अर्खिप्पाने फिलिन्नाचं मनगट धरलं. "मावशी, मुलगा झाला तर मुलगी सांगा. फक्त उद्या सकाळपर्यंत. तीनशे निघून गेले की म्हणू, चूक झाली."

"पोरी, अशी चूक कुठली सुईण करते?"

"लोक हसतील तुम्हाला. हसू देत. माझा नवरा तरी राहील."

फिलिन्नाने दाराकडे पाहिलं. मग तिने मान हलवली. "बरं. मुलगी. आता जोर कर."

ऐन दुपारी मूल आलं. मुलगा. गळ्याभोवती नाळ, अंग निळं. रडेना. फिलिन्ना सगळं विसरली. तिने नाळ सोडवली, पाय धरून त्याला उलटं केलं, पाठीवर थापट्या मारल्या. एक. दोन. खूप वेळाने तो रडला.

"रडला गं बाई! द्राक्षारस आणा!" ती ओरडली.

तीस वर्षांची सवय. तिथे मुलीला पाण्याने न्हाऊ घालत आणि मुलाला द्राक्षारसाने. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

बाहेर लिकॉन मोठ्याने हसला. "देक्सिपस, ऐकलंस?"

फिलिन्नाचा हात तोंडावर गेला. अर्खिप्पा नुसती तिच्याकडे बघत राहिली.

देक्सिपस आत आला. त्याने मुलाला उचललं, निरखून पाहिलं.

"दहाव्या दिवशी नाव ठेवतात," तो म्हणाला. "तेव्हा मी नसेन. आत्ताच ठेवतो. देक्सिपस."

"अरे, हे तर तुझं!" फिलिन्ना म्हणाली. "गेलेल्या माणसाचं नाव देतात पोराला. तुझ्या बापाचं ठेव."

"माहीत आहे मावशी."

त्याने मूल अर्खिप्पाच्या कुशीत ठेवलं. क्षणभर तिच्या केसांवर हात ठेवला. मग तो दाराकडे वळला. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

"देक्सिपस, चल! ती जागा भरायच्या आत तुझं नाव देऊ!" बाहेरून लिकॉनची हाक आली.

तिने मुलाला छातीशी घट्ट धरलं.