उघडा हात चालत नाही

माझ्या पेटीला घरात यायला मनाई होती. ती ओट्यावरच राहायची, चपलांशेजारी. पेटीत हाडं असत, जुनी, इथल्याच तलमडुगु गावाजवळच्या एका शेतात आमच्या खोदकामात निघालेली.

मनाई बाबांची. ते निवृत्त शिक्षक. त्यांच्या वडलांच्या वाट्याला गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर सगळ्या वस्तीनं ते एका दिवसात सोडलं, उपाशी राहिले, पण पुन्हा शिवले नाहीत. आणि त्यांची नात, म्हणजे मी, रसायनशास्त्र शिकून हैदराबादेत हाडं ओळखायला लागले.

"ज्या हाडकायले माह्या बापानं लाथ मारली, थेच तू उचलून राह्यली? सोड हे काम."

"त्यायले उचला लागे, बाबा. मी माह्या मर्जीनं उचलून राह्यली."

तेव्हापासून अबोला.

मर्जी फुकट मिळाली नव्हती. नखाएवढा तुकडा मेंढीचा की बकरीचा, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. पण हाडातलं प्रथिन जनावरागणिक थोडं वेगळं असतं. ते सोडवून त्याचे बारीक तुकडे करायचे, मग यंत्र त्या तुकड्यांची वजनं सांगतं, वजनांवरून जनावर कळतं. प्रयोगशाळेतले आमचे सर म्हणायचे, इथल्या उन्हात प्रथिन टिकतच नाही, रसायनं वाया घालवू नकोस. मी हट्टानं हाडाचे पाच तुकडे तपासायला घातले. चार मुके निघाले. पाचवा बोलला: बकरी. सरांनी त्या तुकड्याच्या चिठ्ठीवर मेंढी लिहिलं होतं. ते मी त्यांच्यासमोर खोडलं.

यंदाच्या खोदकामात एकदा मी जेवणाचा डबा घरी विसरले. बाबा तो घेऊन शेतावर आले, न बोलता बांधावर ठेवला आणि निघाले. तेवढ्यात शेताचे मालक माझ्याजवळ येऊन मोठ्यानं म्हणाले, "काय बाई, शिकून-सवरून हाडकायचं काम शेवटी तुमच्याकडंच आलं!" आणि हसत त्यांनी माझ्यासमोरच्या ताटातल्या हाडाच्या तुकड्याकडे हात नेला.

बाबा जागीच थांबले. माझं मस्तक फिरलं.

"मागं सरका. तुमचा हात लागला तं हाड बाटते."

"माहा हात?"

"तुमचाच. उघडा हात कोणाचाबी चालत नाही. मनून मी हे हातमोजे घातले."

कातडीचं प्रथिन हाडाला लागतं आणि नमुना खराब होतो, असं गोडीत सांगता आलं असतं. पण मी मुद्दाम 'बाटते' म्हटलं, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. त्यांनी हात छातीशी ओढून घेतला आणि दोन पावलं मागं गेले. मजुरांनी कामं थांबवून पाहिलं.

संध्याकाळी घरी येऊन मी पेटी नेहमीसारखी ओट्यावर ठेवली. सकाळच्या बसनं ती हैदराबादला न्यायची होती. बाबा बाहेर आले. पेटीसमोर येऊन उभे राहिले.

"उघडा हात कोणाचाबी चालत नाही मन्ली ना?"

"नाही चालत."

"मंग मले हातमोजे दे."

हातमोजे त्यांना लहान होत होते. त्यांनी एकेक बोट नेटानं आत घातलं, दोन्ही हातांनी पेटी उचलली. गल्लीतले लोक बघत होते. बाबा उंबऱ्यात क्षणभर थांबले, त्यांना नीट बघू दिलं आणि पेटी आत घेऊन गेले.